समुद्राजवळच्या घराचा लाकडी डेक कुजतोय: फळ्या बदलण्याआधी काय तपासावं?

खारवारा

घराच्या मागच्या भिंतीला लागून लाकडी डेक आहे, जमिनीपासून कमरेइतका उंच. समुद्र जवळ असल्याने हवा वर्षभर दमट आणि खारी. भिंतीलगतच्या काही फळ्या पायाखाली दबायला लागल्या आहेत. स्क्रूंच्या भोवती काळपट निळे डाग पडलेत, कठड्याचा एक खांब हाताने हलतो, आणि खालून पाहिलं तर काही लाकडावर बारीक लव आल्यासारखं दिसतं.

दोन सुतारांना दाखवलं. एक म्हणतो खराब फळ्या बदला, वरून पॉलिशचे दोन हात मारा, झालं काम. दुसरा म्हणतो असल्या हवेत लाकूड टिकतच नाही, सगळं उखडून काँक्रीट करा. दोन्ही सल्ले मला अपुरे वाटतात. या डेकवर घरातली म्हातारी माणसं सकाळ-संध्याकाळ बसतात, मुलं धावतात, त्यामुळे वरवरची डागडुजी नको आहे. किती कुजलंय हे ओळखायचं कसं, काय वाचवता येतं आणि काय काढलंच पाहिजे? ज्यांनी असं काम स्वतः केलंय किंवा करवून घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

रंधापट्टी

दुसऱ्या सुताराचं म्हणणं आधी बाजूला ठेवा. नुसत्या दमट हवेने लाकूड कुजत नाही. हवेत ८० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातली ओल १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते, आणि ९० टक्के असेल तर २० च्या आसपास. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात मूळ धरायला साधारण २८ ते ३० टक्के ओल लागते. म्हणजे तुमची हवा लाकडाला धोक्याच्या रेषेजवळ आणून ठेवते, पण रेषा ओलांडायला खरोखरचं पाणी लागतं, आणि तेही निघायला वाट न मिळालेलं. दमट प्रदेशातली खरी अडचण ही की एकदा भिजलेला सांधा लवकर सुकत नाही. कोरड्या हवेत जी चूक खपून जाते ती इथे कूज आणते.

तेव्हा शोधायचं काय, तर पाणी कुठे अडकतंय. माझ्या पाहण्यात नेहमीच्या जागा याच: डेकची जी फळी घराच्या भिंतीला ठोकलेली असते ती, म्हणजे लेजर. मग जॉइस्टची, म्हणजे फळ्यांना खालून आधार देणाऱ्या आडव्या तुळयांची वरची कड, जिथे फळी टेकते आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकातून पाणी आत उतरतं. दोन फळ्यांची टोकं जिथे एकमेकांना भिडतात ती जागा. खांबांचे पाय. आणि कुंड्यांच्या खालचा भाग, तो तर कोणी उचलून बघतच नाही. तुमची कूज भिंतीलगत सुरू झालीय म्हणता, म्हणून माझा पहिला संशय लेजरवर. वरच्या फळ्या बदलून तो सांधा तसाच ठेवला तर नव्या फळ्याही त्याच जागी जातील.

तपासायला महागडं काही लागत नाही. एक टोच्या किंवा पातळ तोंडाचा पेचकस घ्या आणि प्रत्येक जॉइस्ट, लेजर, खांब खालून टोचत जा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुततं आणि ओढून काढावं लागतं. कुजलेल्यात ते सहज आत जातं. मग टोच्या तिरका घालून एक कपची उचकटून बघा. सशक्त लाकूड लांब, तंतूदार सिलपी देतं आणि तुटताना कडकन आवाज होतो. कुजलेलं आवाज न करता तुकड्या-तुकड्यांनी मोडतं. रंग किंवा पॉलिश शाबूत आहे म्हणून लाकूड शाबूत, असं धरून चालू नका. पुष्कळदा वरचा पातळ थर ठणठणीत असतो आणि आतला गाभा भुगा झालेला असतो.

गाज

लव आल्यासारखं लाकूड म्हणताय, त्यावर माझी एक शंका. ती कूज नसेल. समुद्राजवळ लाकडाच्या पृष्ठभागात मीठ शिरतं, सुकताना त्याचे स्फटिक बनतात आणि तंतू एकमेकांपासून सुटे होतात. लाकूड केसाळ, लोकरीसारखं दिसतं. आमच्याकडे डेकच्या खालच्या बाजूला असंच होतं. तारेच्या ब्रशने घासलं तर खाली लाकूड टणक लागलं. तसं असेल तर घाबरण्यासारखं काही नाही, तुळई काढून टाकायची गरज नाही.

दुसरं, ओल मोजायचं दोन पिनांचं मीटर वापरणार असाल तर आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते मीटर विजेचा रोध मोजतं, आणि मिठामुळे लाकडातून वीज सहज वाहते. आमच्या मीटरवर टणक, कोरड्या लाकडाचेही आकडे तिशीच्या पुढे दिसायचे. तांब्याची औषधं मुरवलेल्या लाकडातही असा फरक पडतो. निकाल टोच्याचाच धरावा.

रंधापट्टी

गाज यांच्याशी पूर्ण सहमत. ब्रशने घासून टोच्या मारला की दोन मिनिटांत कळतं. कुजीची खूण वेगळी असते: एका प्रकारात लाकूड तपकिरी होऊन चौकोनी चौकोनी तडकतं आणि बोटांत चुरलं जातं, दुसऱ्यात फिकट, मऊ आणि दोरखंडासारखं सुटं होतं.

तुळई

बांधकामाच्या रचनेचं काम करते, म्हणून इथे जरा ठासून लिहिते. भिंतीलगतच्या फळ्या दबतात आणि कठड्याचा खांब हलतो, या दोन गोष्टी एकत्र दिसत असतील तर तपासणी पूर्ण होईपर्यंत डेकचा वापर थांबवा. माणसं गोळा होतील असा कार्यक्रम तर अजिबात नको. डेक कोसळण्याच्या घटनांत सर्वांत जास्त वेळा भिंतीपाशी असलेला जोड सुटलेला आढळतो. तो सुटताना आधी करकर आवाज, मग हळूहळू वाकणं, असा इशारा मिळेलच असं नाही. भिंतीकडची बाजू एकदम खाली येते.

लेजर नुसत्या खिळ्यांवर टांगलेला असेल तर तो कुजलेला नसला तरी दुरुस्तीच्या यादीत सर्वांत वर घ्या. खिळा भिंतीतून सरळ बाहेर ओढला जाण्याला फारसा विरोध करत नाही. तिथे १२ मिमीच्या आसपास जाडीचे बोल्ट, वॉशरसह, घराच्या मूळ सांगाड्यात किंवा काँक्रीटच्या पट्ट्यात गेलेले हवेत. भिंतीला नुसता विटांचा दर्शनी थर असेल तर त्याच्यावर डेकचा भार टाकायचा नसतो.

कठड्याचा खांब घट्ट करताना नवीन स्क्रू मारून मोकळं होऊ नका. माणूस कठड्याला रेलला की खांबाचा पाय पहारीसारखा काम करतो आणि बुडाशी प्रचंड ओढ येते. खांब आरपार बोल्टने आणि शक्यतो आतल्या जॉइस्टला धरणाऱ्या धातूच्या पट्टीने बांधावा. बसवण्यासाठी खांबाला खाच घातली असेल तर ती नीट बघा, चिरा तिथूनच सुरू होतात.

खारवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. वापर लगेच बंद केला, दाराला दोरी बांधली. भिंतीलगतच्या फळ्या काढून आत पाहिलं, ते लिहितो.

स्क्रू उलटे फिरवायला गेलो तर अर्ध्याहून जास्त स्क्रूंची डोकी नुसतीच गरगर फिरली. फळी पहारीने उचलल्यावर कारण दिसलं. डोकं चकचकीत, जॉइस्टमधलं टोकही बरं, पण फळी आणि जॉइस्ट यांच्या मधोमध स्क्रूचा गळा पेन्सिलीच्या शिशाइतका बारीक झालेला, काही तर तुटूनच गेलेले. म्हणजे त्या फळ्या आपल्या वजनाने पडून होत्या, कशाला धरलेल्या नव्हत्या. प्रत्येक भोकाभोवती जॉइस्टचं लाकूड काळं पडलंय आणि नखाने खरवडता येतं. जॉइस्टच्या वरच्या कडेवर माती आणि पानांचा ओला लगदा साचलेला, त्याखाली साधारण दोन बोटं खोल कूज. खालचा भाग मात्र टोच्याला दाद देत नाही.

लेजर: भिंतीला टेकवून खिळ्यांनी मारलेला, वर कसलीही पट्टी नाही. भिंतीवरून ओघळणारं पाणी सरळ भिंत आणि लेजर यांच्या फटीत जातं. मागच्या बाजूने तो भिजल्या पुठ्ठ्यासारखा झालाय. लव आलेल्या खालच्या तुळया गाज म्हणतात तशाच निघाल्या, आत टणक.

आता प्रश्न: जॉइस्ट वाचतील का? आणि एपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारी राळ) भरून घ्या असं एकाने सुचवलंय, ते योग्य का?

लाकूडतोड्या

एपॉक्सी मी खिडकीच्या चौकटींना वापरलंय, छान चालतं. जॉइस्टच्या वरच्या कडेला भरून सपाट करायला काय हरकत आहे? कमी खर्चात काम होईल.

तुळई

चौकटीवर भार नसतो, जॉइस्टवर असतो. एपॉक्सी कुजलेले तंतू घट्ट करतं, पण त्या तुळईची गेलेली ताकद परत येईल असा भरवसा धरता येत नाही. शिवाय खालचं लाकूड पूर्ण सुकलेलं नसेल तर एपॉक्सी झाकणासारखं बसतं आणि ओल आत कोंडते. दमट हवेत डेकच्या तुळया तितक्या सुकवणं फार अवघड. कठड्याच्या वरच्या पट्टीचा एखादा कोपरा, पायरीच्या कडेचा खड्डा, एवढ्यासाठी जरूर वापरा. ज्याच्यावर माणसाचं वजन येतं तिथे नको.

रंधापट्टी

लेजर पूर्ण बदला, त्यावर चर्चाच नको. जॉइस्टबद्दल असं करा. ज्याची कूज वरच्या कडेपुरती आणि थोड्या लांबीत आहे, त्याला शेजारी तेवढ्याच उंचीचा नवा जॉइस्ट जोडायचा. तुकडा नको, शक्यतो एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत अख्खा, म्हणजे भार नव्याने पेलला जातो. ज्यात कूज निम्म्या उंचीपर्यंत पोचलीय किंवा टोक, जिथे तो लेजरला मिळतो, तेच गेलंय, तो काढूनच टाका.

काम सुरू करण्याआधी डेकला खालून टेकू द्या. लेजर सोडवण्यापूर्वी भिंतीपासून थोडं अलीकडे एक आडवी तुळई घालून तिच्याखाली स्क्रूचे जॅक लावा, जॅकच्या खाली रुंद फळी, नाहीतर ओल्या जमिनीत जॅक रुततो. आणि जॅक चढवताना घाई नको. डेक खाली बसला असेल तर थोडा थोडा उचला, नाहीतर चांगले सांधेही तडकतात.

कुजलेलं लाकूड काढताना दिसणाऱ्या कुजीच्या पुढे किमान फूटभर काढा. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा पुढे गेलेले असतात. राहिलेल्या जुन्या लाकडाला बोरेटचं, म्हणजे बुरशी मारणाऱ्या बोरॉनच्या क्षाराचं द्रावण भरपूर पाजा. बोरेट ओल्या लाकडात स्वतःहून आत पसरत जातं, हा त्याचा मोठा गुण. पण पावसाने ते तितक्याच सहज धुपून जातं, म्हणून वरून आडोसा हवाच. हे औषध दडलेल्या जागांसाठी, उघड्या फळ्यांसाठी नाही.

जुना आणि नवा जॉइस्ट जोडला की दोघांच्या मध्ये एक लांबलचक फट तयार होते आणि पाणी तिच्यात जाऊन बसतं. या जागेकडे फार कोणाचं लक्ष जात नाही. दोन्हींच्या माथ्यावरून एकच रुंद ब्यूटाइलची (रबरी) चिकटपट्टी ओढा, दोन्ही कडांवरून थोडी खाली वळेल अशी. ही पट्टी स्क्रूभोवतीही घट्ट बसते, भोकातून पाणी उतरणं बरंच कमी होतं. मात्र भिजलेल्या जॉइस्टवर ती लावायची नाही, कोरडा दिवस बघून लावा.

नवीन लाकूड कापलं की प्रत्येक कापलेल्या तोंडाला औषध लावा. कारखान्यात दाबाखाली औषध मुरवलेलं लाकूड असलं तरी औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही, आणि करवतीने नेमका तोच गाभा उघडा पडतो. लाकूड टोकाकडून पाणी कितीतरी पट वेगाने पितं. कॉपर नॅफ्थेनेट ब्रशने दोनदा लावलं तर पुरतं. कामगार हे टाळतात, तेव्हा समोर उभं राहून करवून घ्या.

सागरकिनारा

स्क्रूंबद्दल. जस्ताचा पातळ मुलामा दिलेले साधे स्क्रू या हवेत निरुपयोगी आहेत. नवीन लाकडाला दिलेल्या औषधांत बहुधा तांबं असतं. तांबं आणि ओल मिळून साध्या पोलादाला खातात, ॲल्युमिनिअमलाही. समुद्र जवळ असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठाने पडणाऱ्या खड्ड्यांना ते ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसपेक्षा बरंच जास्त तोंड देतं. वर चहासारखे डाग पडले तरी ते पृष्ठभागावरचे असतात, ताकद जात नाही.

जॉइस्ट टांगायचे हँगर आणि त्यात मारायचे खिळे एकाच धातूचे ठेवा. जस्ताच्या हँगरमध्ये स्टेनलेसचे खिळे मारले की ओल्या मिठात दोन धातूंची जोडी जमते आणि हँगरचं जस्त आधी झिजतं.

आणखी एक निरीक्षण. वरचे स्क्रू पावसाने धुतले जातात, डेकच्या खालचे हँगर कधीच धुतले जात नाहीत. मीठ तिथे थरावर थर बसत राहतं. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या पुढच्या आर्द्रतेत हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेतही ओलं राहतं. म्हणून पाऊस नसतानाही खालचं लोखंड गंजत राहतं. अधूनमधून खालून गोड्या पाण्याने धुणं याला पर्याय नाही. पाण्याचा जोर साधा ठेवा, मशीनने मारलं तर लाकडाचे तंतू उठतात.

खारवारा

लेजरची भिंतीकडची बाजू कशी करावी याबद्दल कोणी सांगेल का? तेच मूळ दुखणं दिसतंय.

तुळई

दोन मार्ग आहेत. पहिला, लेजर पुन्हा भिंतीलाच. मग लेजर आणि भिंत यांच्यात बोल्टपाशी छोटे ठोकळे ठेवून फट सोडा, म्हणजे मागे गेलेलं पाणी खाली निघून जाईल. वर पत्र्याची वळवलेली पट्टी, म्हणजे फ्लॅशिंग, तिची वरची कड भिंतीतल्या खाचेत किंवा बाहेरच्या आवरणाच्या मागे जायला हवी. नुसती भिंतीवर चिकटवून सीलंट ओढलं तर सीलंट सुटेल तेव्हा परत हीच परिस्थिती. खालची कड लेजरच्या पुढे येऊन थेंब पाडेल अशी वाकवा. औषध मुरवलेल्या लाकडाला उघडं ॲल्युमिनिअम लावू नका, स्टेनलेस किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या.

दुसरा, आणि तुमच्या जागी मी निवडला असता तो: डेक भिंतीपासून सोडवा. भिंतीजवळ स्वतंत्र खांबांची रांग आणि तुळई, डेक आणि भिंत यांत बोटभर फट. भिंतीत एकही भोक नाही, पाणी अडकायला जागा नाही, घराची भिंतही कोरडी राहते. पायाचं काम वाढतं, आणि डेक डुलू नये म्हणून तिरके आधार द्यावे लागतात. पण इतक्या ओल्या हवेत हा हिशोब डेकच्या आयुष्यभर फायद्याचा पडतो.

नवे खांब काँक्रीटमध्ये गाडू नका. लाकूड थोडं आकसलं की भोवती फट पडते आणि त्यात पाणी भरून राहतं. काँक्रीटवर धातूची बैठक, आणि खांबाचं बूड काँक्रीटपासून साधारण २५ मिमी वर.

लाकूडतोड्या

एपॉक्सीचं पटलं. मग प्रश्न असा की एवढं करायचंच तर वर कंपोझिटच्या, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळ्या का नकोत? त्या कुजत नाहीत ना?

सागरकिनारा

फळ्या टिकतात, सांगाडा लाकडाचाच राहतो. उलट फळ्या चांगल्या दिसत राहिल्याने खाली काय चाललंय हे कळायला उशीर होतो. घ्यायच्या तर जरूर घ्या, पण जॉइस्टमधलं अंतर आधी मोजा. बऱ्याच कंपोझिट फळ्यांना ते ४०० मिमीपेक्षा जास्त चालत नाही, आणि तिरक्या बसवल्या तर ३०० पर्यंत आणावं लागतं. सावलीतल्या कंपोझिटवर काळी बुरशी येते, तीही धुवावी लागते.

गाज

जुन्या लाकडाची विल्हेवाट लावताना जपा. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस उत्पादकांनी घरगुती वापरासाठीचं सीसीए (तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण) औषधाचं लाकूड बंद केलं, कारण त्यात आर्सेनिक आहे. तुमचा डेक जुना असेल आणि लाकूड हिरवट असेल तर ते जाळू नका, शेकोटीत तर मुळीच नको. कापताना मास्क, आणि भुसा गोळा करून घ्या.

खारवारा

स्वतंत्र खांबांचाच मार्ग घ्यायचं घरात ठरलं. खाली पानं आणि माती साचली होती तीही काढली, हवा खेळावी म्हणून बाजूच्या बंद फळ्यांच्या जागी जाळी लावणार आहे. जमिनीचा उतारही घरापासून बाहेरच्या दिशेने करून घेतो.

शेवटचे दोन प्रश्न. फळ्यांमध्ये फट किती ठेवावी? आणि वरून काय लावावं, जवसाचं तेल की व्हार्निश?

रंधापट्टी

फट लाकडाच्या ओलीवर ठरते. भट्टीत सुकवलेलं असेल तर ५ मिमीच्या आसपास. औषध मुरवून नुकतंच आलेलं, हाताला जड आणि ओलं लागणारं असेल तर फळ्या जवळजवळ चिकटवून बसवा, सुकताना त्या आकसून फट आपोआप पडेल. फळ्यांची टोकं एकाच जॉइस्टवर भिडवू नका. तिथे दोन जॉइस्ट शेजारी शेजारी ठेवून मध्ये फट सोडली तर प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो आणि पाणी मधून खाली पडतं.

व्हार्निश नको. वरचा थर उन्हाने तडकतो, त्या तड्यातून पाणी आत जातं आणि थरामुळे बाहेर पडत नाही. नुसतं जवसाचं तेलही नको, दमट हवेत ते बुरशीचं खाद्य होतं आणि डेक काळा पडतो. लाकडात मुरणारं, थोडा रंग असलेलं आणि बुरशीरोधक घातलेलं तेल घ्या. रंगाचे कण ऊन अडवतात.

राहणाऱ्या जुन्या फळ्यांवर लोखंडाचे काळे डाग आहेत, त्यावर ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ द्रावण चालतं, हातमोजे आणि चष्मा घालून. त्याआधी किंवा नंतर क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो, आणि ब्लीच लाकडाचे तंतूही कमकुवत करतं. शेवाळ काढायला सोडियम परकार्बोनेट पुरतं.

तेल कधी लावायचं हे फळीलाच विचारा: पाण्याचे काही थेंब टाका. मिनिटा-दोन मिनिटांत शोषले गेले तर लाकूड तयार. थेंब तसेच वर उभे राहिले तर अजून सुकू द्या.